बाळ बाटली धरंना!

आष्ट्यात आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न बाळाला सहावा महिना लागता लागता उभा राहतो. बाळंतपण माहेरी झालेलं असतं, बाळ अंगावर पिऊन गुटगुटीत झालेलं असतं आणि शाळेत, बँकेत किंवा दवाखान्यात नोकरी करणाऱ्या आईची रजा संपत आलेली असते. सकाळची सांगलीची एसटी धरायची, तर बाळाला दिवसभर आजीकडे ठेवणं आलंच. मग मेडिकलातून बाटली येते, उकळली जाते, भरली जाते, आणि बाळ मान फिरवतं. दुसऱ्या दिवशी निप्पल नुसतं चावतं. तिसऱ्या दिवशी बाटली दिसताच टाहो फोडतं. "काय केल्या बाटली धरंना झालंय," असं आजी गल्लीभर सांगते आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत पिईल. निप्पलला मध लावा. गायीच्या दुधात पाणी घालून पाजा.

तिन्ही सल्ले वाईट आहेत. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा दुर्मीळ, पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. गायी-म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून दिलं तर अंगात लोह कमी पडतं. त्यात पाणी घातलं की पोषणही जातं. आणि उपाशी ठेवण्याबद्दल काय बोलावं? रडून लाल झालेलं बाळ नवी गोष्ट शिकत नसतं, बाटलीचा धसका मात्र घेतं.

बाळाचं 'नाही' समजून घ्यायला हवं. पहिले तीनेक महिने तोंडात काही गेलं की ओढायचं, हे बाळाकडून आपोआप होतं. चौथ्या महिन्याच्या आसपास ही प्रतिक्षिप्त क्रिया ओसरते आणि ओढणं बाळाच्या मर्जीवर येतं. म्हणजे ज्या वयात आपण बाटली पुढे करतो, नेमक्या त्याच वयात बाळाला स्वतःचं मत फुटलेलं असतं. शिवाय दोन्हीकडे पिण्याची रीत वेगळी. अंगावर पिताना बाळ मोठा आ करून बोंडासकट भोवतीचा काळसर भाग तोंडात घेतं, आधी भराभर चुटूचुटू ओढतं, मग पान्हा फुटतो, मग संथ घोट घेतं. वेग त्याच्या हातात असतो. बाटली उलटी धरली की दूध न मागता घशात येतं, ठसका लागतो. एकदा ठसका लागलेलं बाळ पुढच्या वेळी ओठ मिटून घेतं, यात आडमुठेपणा कसला?

बाटलीच द्यायची असेल तर बारीक भोकाचं निप्पल घ्यावं. बाळाला जवळजवळ बसतं धरावं, बाटली आडवी ठेवावी, चार-सहा घोटांनी ती खाली करून उसंत द्यावी. पाजणारी व्यक्ती आई नसावी, आणि आई घरातही नसली तर उत्तम. तिचा वास येत असताना बाळ रबरावर का समाधान मानील? कडाडून भूक लागण्याआधीची किंवा झोपेतून अर्धवट जागं होतानाची वेळ बरी. रडू लागलं की बाटली बाजूला ठेवून त्याला खेळवावं. पूर्वी बाटलीतून दूध घेणारं बाळ आईचं साठवलेलं दूध नाकारत असेल तर आधी ते चाखून पाहावं. काही आयांच्या दुधातलं लायपेज हे विकर साठवणुकीत दुधाला साबणासारखा वास आणतं. ते दूध खराब नसतं, पण बाळाला आवडेलच असं नाही; अशा वेळी ताजं काढलेलं द्यावं.

पण माझं स्पष्ट मत असं, की आपल्या घरांत बाटलीचा हट्टच धरू नये. आजीच्या ट्रंकेत बहुधा बोंडलं असतंच. चांदीचं किंवा पितळेचं, हल्ली स्टीलचं, एका बाजूला चोच काढलेली छोटीशी वाटी. आपल्याकडे ते बाळगुटीपुरतं उरलं. दक्षिणेत त्याचं भावंड पलाडई या नावाने नवजात बाळांच्या दवाखान्यांत रोज वापरलं जातं. भारतात झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाटली, कप आणि पलाडई यांची तुलना केली होती. पलाडईने बाळं कमी वेळात जास्त दूध प्यायली आणि शांतही राहिली. २००७ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं, दूध जास्त सांडलं आणि वेळही जास्त लागला. पाजणाऱ्या हातांना सवय हवी, असा मी याचा अर्थ लावते.

ती सवय अशी. बाळाला मांडीवर बसतं घ्यावं, मानेला आधार द्यावा, हात झबल्याबाहेर धडपडत असतील तर दुपट्यात सैल गुंडाळावेत. साधी वाटी असेल तर ती अर्धी भरावी. कड खालच्या ओठावर अलगद टेकवावी आणि दूध वरच्या ओठाला लागेल इतकीच कलती करावी. इथे थांबायचं. दूध ओतायचं नाही. बाळ जीभ पुढे काढून चाटतं, मोठं असेल तर सुर्र करून घोट घेतं, मग थांबतं, पुन्हा ओठ पुढे करतं. वाटी मधेमधे काढू नये, त्याच जागी टेकलेली राहू द्यावी. पहिले काही दिवस निम्मं दूध लाळेऱ्यावर जाईल, हा वाटीचा खरा तोटा. बोंडल्याची चोच गालाच्या कोपऱ्यातून लावावी, थेंब थेंब सोडावेत, आडवं निजवून तर कधीच पाजू नये.

वाटीचा फायदा मात्र धुण्यात आहे. बाटलीच्या मानेत आणि निप्पलच्या भोकात दुधाचा चिकटा राहतो, तिथून हगवण सुरू होते. या कारणानेही बाटलीविरुद्ध चळवळ उभी राहिली. 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था १९९१ च्या डिसेंबरात आपल्या वर्ध्यातच स्थापन झाली, आणि १९९२ च्या केंद्रीय कायद्याने दुधाच्या पावडरीबरोबर दूध पाजायच्या बाटल्यांच्या जाहिरातीवरही बंदी आली. टीव्हीवर बाटलीची जाहिरात दिसत नाही ती त्यामुळे. आईच्या काढलेल्या दुधाला मान मिळवून देण्यातही महाराष्ट्र पुढे होता. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली.

आता दूध काढण्याबद्दल. पंप नसला तरी अडत नाही. हात धुवावेत, अंगठा वर आणि बोटं खाली, काळसर भागाच्या कडेवर ठेवून आधी छातीकडे दाबावं, मग बोटं एकमेकांकडे आणावीत. बोंड ओढू नये, दुखतं आणि दूधही येत नाही. दोन्ही बाजूंचं मिळून वीस-तीस मिनिटं लागतात. रुंद तोंडाचं, झाकणाचं स्टीलचं भांडं उकळून घ्यावं. साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत दूध चार तास चालतं. आष्ट्याच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात हा हिशोब धरू नये, सरळ फ्रीजमध्ये आत, दारात नव्हे, ठेवून चोवीस तासांत संपवावं. लाइट किती वेळ गेली होती याकडेही लक्ष हवं. कोमट करताना भांडं गरम पाण्यात धरावं, गॅसवर तापवू नये. उष्टं उरलेलं दूध पुन्हा ठेवू नये.

किती लागेल? सहा महिन्यांच्या आतलं बाळ दिवसाकाठी साधारण पाऊण लिटर पितं, म्हणजे एका वेळेला ६० ते १२० मिली. काही बाळं दिवसभर जेमतेम घेतात आणि आई आली की रात्रभर वसुली करतात. आईची झोप जाते, पण बाळाचं पोट भरतं. सहा महिन्यांनंतर मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची पेज सुरू झाली की दुपारची ओढाताण कमी होते. चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू, बाळ मलूल, टाळू खोल गेलेली दिसली, तर वाटी-बाटलीचा वाद सोडून डॉक्टर गाठावेत.

नोकरदार आयांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुटी दिली होती, नेहमीच्या मधल्या सुटीशिवाय. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. या दोन सुट्यांत दूध काढता येतं, छाती गच्च होऊन गाठी धरत नाहीत, दूधही आटत नाही. आमच्या भागात हंगामात उसाच्या फडात टनावर राबणाऱ्या बायांना मात्र यातलं काहीच मिळत नाही. त्या बाळाला झोळीत घालून फडाच्या कडेला ठेवतात आणि मोळ्या बांधता बांधता येऊन अंगावर पाजतात. जितका वेळ पाजलं, तितका कोयता थांबतो आणि तेवढी मजुरी बुडते.