छताआडचे वायरिंग: एका दशकाचा मागोवा

मुंबई-पुण्यातील नव्या कार्यालयांत गेल्या काही वर्षांपासून फॉल्स सीलिंगच न बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे. स्लॅबखालचे ए.सी.चे डक्ट, स्प्रिंक्लरचे नळ आणि केबल ट्रे, म्हणजे केबली ओळीने वाहून नेण्यासाठी टांगलेल्या पत्र्याच्या सच्छिद्र पन्हळी, हे सारे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर उघडे असते. ते दिसणार असल्यामुळे केबली समांतर धावतात, वळणावर एकाच मापाने वळतात आणि ठरावीक अंतरावर बांधलेल्या असतात. या देखणेपणाचे कौतुक सजावटीच्या मासिकांतून होत असले, तरी त्यात एक जुनी फसवणूक उघड होते, ती अशी की जे काम सुरक्षिततेसाठी करायला सांगितले असता तीस वर्षे ‘परवडत नाही’ म्हणून टाळले गेले, तेच काम शोभेसाठी मागितल्यावर त्याच व्यवसायाने विनातक्रार करून दाखवले.

वायरिंगचा आरंभीचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. लाकडी पट्टीच्या खाचेत तार बसवून वर झाकणपट्टी ठोकण्याची केसिंग-कॅपिंगची पद्धत, त्यानंतरची सागवानी बॅटनवर पितळी क्लिपांनी तार आवळण्याची पद्धत आणि मग भिंतीत पुरलेल्या नळीतून, म्हणजे कन्ड्युटमधून, तार ओढण्याची पद्धत असा तो क्रम आहे. मधल्या काळात तांब्याच्या टंचाईमुळे आलेली अॅल्युमिनियमची तार सांध्यांत सैल पडत असे, याखेरीज त्या दशकांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. मात्र बॅटन वायरिंगची एक गोष्ट नोंदवायला हवी. ते भिंतीवर आयुष्यभर दिसत राहणार असल्याने वायरमन आधी भिंतीवर दोरा मारून सरळ रेष आखत असे, क्लिपांमधले अंतर सारखे राखत असे आणि ‘तीन-बावीस’ किंवा ‘सात-वीस’ अशा नावांनी ओळखली जाणारी तार कोठून कोठे गेली आहे, हे दुसऱ्या कोणत्याही वायरमनला खालून बघून सांगता येत असे. कारागिराची ही शिस्त नियमांपेक्षा नजरेच्या धाकाने टिकली होती.

तो धाक संपला साधारण १९९५ ते २००५ या दशकात. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरून समभागांचे व्यवहार सुरू केले, मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली आली आणि फोर्ट परिसरातल्या जुन्या दगडी इमारतींतील दलालांच्या खोल्या बघता बघता संगणकांनी भरल्या. या खोल्यांची छते उंच होती, कारण त्या पंख्यांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या काळात बांधलेल्या होत्या. वातानुकूलनाचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर उंची कमी करणे भाग होते, म्हणून प्लायवूडचे, पीओपीचे किंवा पुढे जिप्सम बोर्डाचे छत खाली टांगले गेले आणि मूळ छत व नवे छत यांच्यामध्ये काही ठिकाणी माणूस वाकून उभा राहू शकेल एवढी पोकळी तयार झाली. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात, मालाडच्या कॉल सेंटरांत आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांत खनिज तंतूंच्या दोन फूट बाय दोन फूट फरशा पत्र्याच्या जाळीत बसवलेले छत सार्वत्रिक झाले. फरशी उचलून आत हात घालता येतो ही त्याची सोय, आणि फरशी परत ठेवली की आत काय केले ते कोणालाही दिसत नाही ही दुसरी, न बोलली जाणारी सोय.

या काळातील गबाळेपणाचा दोष सहसा वायरमनच्या माथी मारला जातो, पण मूळ कारण कामाचा मोबदला ठरवण्याच्या रीतीत होते. इमारतीच्या विजेचे काम ‘पॉइंट’च्या दराने दिले जाई, आणि आजही दिले जाते, एक दिवा किंवा पंखा, त्याचे बटण आणि त्या दोहोंपर्यंतची तार मिळून एक पॉइंट होतो. दर ठरलेला असल्यामुळे तार जितकी कमी लागेल तितका ठेकेदाराचा फायदा, आणि सर्वांत कमी तार लागते ती खोलीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी फेकली असता. भिंतीवर असे करण्याची कोणाची छाती झाली नसती. छताच्या वर ते रोजचे झाले. जंक्शन बॉक्स, म्हणजे सांधे झाकण्याची डबी, वगळून दोन टोके पिळून त्यांवर इन्शुलेशन टेप गुंडाळली जाई, तारांचे भारे स्प्रिंक्लरच्या नळांना बांधले जात किंवा सरळ छताच्या जाळीवर टाकून दिले जात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वायरमनच्या अभ्यासक्रमात ब्रिटानिया जॉइंट आणि मॅरिड जॉइंट घोटून घेतले जात होते, पण ते शिकून आलेल्या मुलाला बाहेर कोणी विचारत नव्हते. छत बंद करण्याची तारीख इंटिरिअरवाल्याने आधीच ठरवलेली असे, तपासणीला दिवस मिळत नसे आणि बिलाची मोजणी छताखालचे पॉइंट मोजून होई.

त्यातच विजेच्या वापराचे स्वरूप बदलले. बल्ब विजेचा प्रवाह सलगपणे घेतो; संगणकाचा पॉवर सप्लाय मात्र प्रत्येक लहरीच्या माथ्याजवळ तो तुकड्यातुकड्याने ओढतो, आणि त्यातून हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले उपप्रवाह, निर्माण होतात. तीन फेजचा भार सारखा असेल तर परतीच्या न्यूट्रल तारेत प्रवाह जवळपास शून्य राहायला हवा, परंतु तिप्पट वारंवारतेचे उपप्रवाह एकमेकांना न छेदता न्यूट्रलमध्ये साठत जातात आणि तेथील प्रवाह फेजपेक्षाही वाढू शकतो. अनेक इमारतींत मुख्य केबल ‘साडेतीन कोअर’ची, म्हणजे न्यूट्रल मुद्दाम कमी जाडीची, होती. भाऱ्यात दबलेल्या तारांची उष्णता बाहेर पडत नसल्याने त्यांची वहनक्षमताही घटलेली असे. सराफांच्या आणि कपड्यांच्या दुकानांत यावर ५० वॅटच्या हॅलोजन दिव्यांची भर पडली. त्यांचे ट्रान्सफॉर्मर प्लायवूडवर तसेच ठेवलेले असत.

दर तीन-पाच वर्षांनी भाडेकरू बदलत, नवा भाडेकरू नवे वायरिंग करी आणि जुने तसेच राही. जाड तांब्याची केबल भंगारात जाई, पण बारीक डेटा केबल सोडवून काढण्याची मजुरी तिच्या भंगाराच्या भावापेक्षा जास्त असल्याने पातळ को-अॅक्सिअल, त्यावर कॅट-५ आणि त्यावर कॅट-६ असे थर साचत गेले. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने २००२ मध्ये अशा निरुपयोगी दळणवळण केबलींचा हाती लागणारा भाग काढून टाकणे बंधनकारक केले, कारण त्यांचे प्लास्टिक हे आगीचे इंधनच असते. मध्यवर्ती वातानुकूलनात हीच पोकळी परतीच्या हवेचा मार्ग म्हणून वापरली जाते, आणि पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू तिच्यातून मजलाभर फिरतो.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला. चौथ्या मजल्यावरून ती वर पसरली, आणि लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग व कागदांचे ढीग यांनी तिला वाट करून दिली. अशा प्रत्येक आगीनंतर ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द उच्चारून विषय मिटवला जातो, वास्तविक शॉर्ट सर्किट झाले तर एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह होताच पडणारे बटण, सहसा आपले काम करते. सैल सांध्याला मात्र एमसीबी ओळखत नाही, कारण तेथे प्रवाह मर्यादेतच असतो; वाढतो तो सांध्याचा रोध, आणि त्यामुळे ते एक ठिकाण महिनोन्महिने तापत राहते. पिळून टेप लावलेला सांधा हा असा सांधा असतो.

कायदे नव्हते असे नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४६ नुसार मांडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा होणे आवश्यक होते, आणि २०१० च्या केंद्रीय विनियमांनीही ती मुदत कायम ठेवली. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम इमारतीच्या मालकाकडून किंवा भोगवटादाराकडून दर जानेवारीत आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र मागतो. परंतु ते अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे असते, वायरिंगचे नव्हे. वायरिंग विद्युत निरीक्षकाच्या कक्षेत आणि स्प्रिंक्लर अग्निशमन दलाच्या कक्षेत, अशी विभागणी असल्याने, त्याच स्प्रिंक्लरच्या नळाला बांधलेला तारांचा भारा कोणाच्याच कागदावर येत नाही.

उघड्या छताच्या नव्या पद्धतीने हा प्रश्न सुटला असे मानणेही घाईचे ठरेल. एकतर ती मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांपुरती आहे. लहान रुग्णालये, शिकवणीवर्ग आणि दुकाने यांच्या डोक्यावर जिप्समचे अखंड छत आजही आहे, आणि त्यात तपासणीसाठी झडप ठेवली तर शोभा जाते म्हणून तीही ठेवली जात नाही. दुसरे असे की अलीकडे उघड्या छतावर डक्ट, नळ आणि केबली यांच्यासकट एकदमच काळा रंग फवारला जातो. केबलीवर तिची जाडी, प्रत आणि उत्पादकाचे नाव छापलेले असते व तारेचा लाल, पिवळा, निळा किंवा काळा रंग ती फेजची आहे की न्यूट्रलची हे सांगतो. फवाऱ्याखाली हे सारे झाकले जाते, आणि पुढच्या दुरुस्तीला आलेल्या वायरमनला समोर सरळ रेषेत मांडलेल्या केबलींपैकी आपली कोणती, हे टेस्टर लावूनच ठरवावे लागते.