अंदाज चुकला म्हणजे नेमकं काय चुकलं?

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर भारतीय हवामानशास्त्र विभाग मान्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर एक आकडा येतो : यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. विज्ञानाच्या दुसऱ्या कुठल्याही बातमीवर एवढ्या लोकांचं एवढं ठाम मत नसतं. एसटीच्या थांब्यावर, बी-बियाण्यांच्या दुकानात, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते मत बहुधा एकच असतं : हवामान खातं सांगतं त्याच्या उलट होतं. जुलै २०१७ मध्ये तर बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी हवामान खात्याविरुद्ध तक्रार घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेले. चांगल्या पावसाच्या अंदाजावर भरवसा ठेवून पेरणी केली, पाऊस आला नाही आणि बियाणं-खतावरचा खर्च मातीत गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. या रागाला हसण्यात अर्थ नाही, कारण दुबार पेरणीचा बोजा ज्याच्या डोक्यावर पडतो त्याला राग येणारच. मला मांडायचं आहे ते वेगळं आहे. अंदाज बरोबर की चूक हे आपण ज्या पद्धतीनं ठरवतो ती पद्धतच कच्ची आहे, आणि ती कच्ची राहण्यात खात्याचा, बातमी देणाऱ्यांचा आणि आपला, सगळ्यांचाच वाटा आहे.

आधी तो आकडा काय सांगतो ते नीट पाहू. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभरात मिळून सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून ही सरासरी काढली आहे. एप्रिल २०२४ मध्ये या सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला गेला आणि त्यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, हेही सांगितलं होतं. त्याच निवेदनात आणखी एक आकडा होता : पाऊस सरासरीपेक्षा जास्त पडण्याची शक्यता ६१ टक्के. जुन्या नोंदी पाहिल्या तर कुठल्याही वर्षी अशा जास्त पावसाची शक्यता साधारण एक तृतीयांश असते. म्हणजे शास्त्रज्ञांनी खरोखरच काहीतरी नवं सांगितलं होतं, आणि तसं न होण्याची ३९ टक्के शक्यताही मोकळेपणानं मान्य केली होती. मथळ्यात मात्र १०६ उरले आणि ६१ गळाले. बातमी घरी पोचेपर्यंत ‘शक्यता’ हा भागच निघून गेला आणि राहिलं ते एक वचन. त्या वर्षी प्रत्यक्षात १०८ टक्के पाऊस झाला, पण अंदाज खरा ठरल्याची चर्चा कोणी केल्याचं आठवतं का?

दुसरी गोष्ट अशी की, हा आकडा आपल्या गावाचा नसतोच. तो सगळ्या देशाचा आणि सगळ्या हंगामाचा एकत्रित आकडा असतो. हवामान खात्याच्या हिशेबात देशाचे ३६ उपविभाग आहेत. त्यातले कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे चार आपले. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. २०२३ चं वर्ष या बाबतीत बारकाईनं पाहण्यासारखं आहे. अंदाज होता ९६ टक्के, पडला ९४ टक्के. कागदावर अंदाज सांगितलेल्या मर्यादेत बसला. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी झाला. सोयाबीन फुलावर येण्याच्या, शेंगा धरण्याच्या दिवसांत मराठवाड्यात आभाळ कोरडं राहिलं. तिथल्या शेतकऱ्याला हंगामाचा आकडा जुळला म्हणून काय मिळालं? त्याचा प्रश्न होता, माझ्या मंडळात ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस येईल का. एप्रिलचा आकडा या प्रश्नाचं उत्तर कधीच नव्हता. उत्तर ज्या प्रश्नाचं नाही, त्या प्रश्नावर ते तपासलं गेलं आणि नापास झालं.

याचा अर्थ खातं चुकलंच नाही असा मुळीच नाही. मोठ्या चुका झाल्या आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. १८७५ साली हवामान खातं स्थापन झालं, १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज द्यायला सुरुवात केली, पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक महासागरावरच्या हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी असलेला संबंध शोधला. १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सोळा घटकांवर आधारलेलं प्रारूप वापरात आलं. ते सामान्य पाऊस सांगत राहिलं, १९८९ ते २००१ या तेरा वर्षांत देशाचा पाऊस सामान्यच राहिला आणि प्रारूपाचं कौतुक झालं. खरी परीक्षा २००२ मध्ये झाली. अंदाज १०१ टक्क्यांचा होता, पडला ८१ टक्के; एकट्या जुलैमध्ये निम्म्याहूनही कमी पाऊस झाला. प्रारूप बदललं, तरी २००९ मध्ये एप्रिलच्या ९६ टक्क्यांच्या अंदाजासमोर प्रत्यक्षात ७८ टक्क्यांच्या आसपासच पाऊस पडला. या इतिहासातून लोक घेतात तो धडा म्हणजे खातं अविश्वसनीय आहे. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. सलग तेरा वर्षं जुळलेला अंदाजही चांगला होता असं म्हणता येत नाही, कारण दरवर्षी नुसतं ‘सरासरीइतका पाऊस’ म्हणत बसणारा माणूसही त्या काळात तितकाच बरोबर ठरला असता. यशही तितक्याच कडकपणे तपासलं पाहिजे. दुष्काळ येण्याआधी तो ओळखता येतो का, ही कसोटी. २०१५ मध्ये खात्यानं एप्रिलमध्ये ९३ आणि जूनमध्ये ८८ टक्क्यांचा अंदाज दिला, एका खासगी संस्थेनं १०२ टक्क्यांचा. पाऊस पडला ८६ टक्के. खात्याचा अंदाज या कसोटीवर उतरला होता.

रोजच्या अंदाजाबद्दलची तक्रार वेगळी आहे आणि तिचं मूळही वेगळं आहे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य पावसाळ्यात रोज कानावर पडतं आणि लोकांना ते मोघम वाटतं. खरं तर त्यामागे ठरलेलं माप आहे. उपविभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तेव्हाच तुरळक म्हणतात. तीन चतुर्थांशांहून जास्त केंद्रांवर अपेक्षित असेल तर बहुतांश ठिकाणी. चोवीस तासांत, म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंत, ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार. तेव्हा मुसळधार पाऊस तुरळक ठिकाणी सांगितला असताना चारपैकी तीन केंद्रांवर तो पडला नाही, तर अंदाज चुकलेला नसतो. आणि ही तफावत किती टोकाची असू शकते, हे मुंबईनं २६ जुलै २००५ ला पाहिलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरातल्या दोन वेधशाळा. पावसाचा एकेक ढग काही किलोमीटरचा असतो आणि तास-दोन तास जगतो. त्याची जागा आणि वेळ आदल्या दिवशी सांगणं आजच्या गणिताच्या आवाक्याबाहेर आहे. सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूकही हवेच्या गणितात झपाट्यानं वाढत जाते, हे एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलं. उलट चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, उपग्रहाला दिवसेंदिवस दिसत राहतं, म्हणून त्याचा माग चांगला लागतो. १९९९ च्या ओडिशातल्या वादळात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. २०१९ मध्ये तिथेच फनी आलं तेव्हा आधीच बारा लाखांच्या आसपास लोकांना हलवता आलं आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. खातं तेच, शास्त्रही तेच. सगळे अंदाज एकाच मापानं मोजायचे म्हटलं, तर ही कमाई हिशेबात येतच नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो दमदार आहे. शक्यतेची भाषा ही पळवाट आहे. सत्तर टक्के म्हटलं की पाऊस पडला तरी खरं, नाही पडला तरी खरं. एका दिवसापुरतं हे म्हणणं बरोबर आहे. एका दिवसावरून सत्तर टक्क्यांचा अंदाज खोटा पाडता येत नाही. पण शंभर दिवसांवरून येतो. ज्या ज्या दिवशी सत्तर टक्के म्हटलं ते सगळे दिवस वेगळे काढायचे. त्यातल्या सत्तरच्या आसपास दिवशी पाऊस झाला तर अंदाज देणारा खरा, चाळीसच दिवशी झाला तर तो फुकाचा आत्मविश्वास दाखवतो. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञानं याचं साधं सूत्र दिलं आणि ते जगभर वापरलं जातं. पळवाट शोधायचीच तर ती दुसरीकडे आहे. गावोगावी मोबाईलवर फिरणारे तारीखवार अंदाज पाहा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत राज्यात भाग बदलत पाऊस पडेल. जून-जुलैत महाराष्ट्रात कुठे ना कुठे पाऊस पडतोच, त्यामुळे असा अंदाज खोटा ठरणं जवळजवळ अशक्य. जुळलेला अंदाज पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो, फसलेला कोणी जपून ठेवत नाही. ठाम बोलणारा माणूस आपल्याला जाणकार वाटतो. पण ज्यानं आपल्या चुकांची वही उघडी ठेवली नाही, त्याच्या ठामपणाची किंमत ठरवायला आपल्याकडे काहीच साधन नसतं.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या नावानं घेतला जातो : त्याला टक्केवारी काय करायची, पेरू की नको एवढंच सांगा. हे बोलणारे बहुधा शेतकरी नसतात. सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचं आंतरपीक घेणारा माणूस शक्यतेचाच हिशेब करत असतो. पाऊस लवकर उघडला आणि सोयाबीन गेलं तरी मुळं खोल असलेली तूर काहीतरी हाताला लावेल, हा त्यातला विचार. सगळं रान एकाच दिवशी न पेरता टप्प्याटप्प्यानं पेरणं, विहिरीला पाणी असलेल्या तुकड्यावर धोका पत्करणं, हेही तेच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा दरवर्षीचा सल्ला पेरणीनंतरच्या कोरड्या दिवसांचा धोका धरूनच दिलेला असतो. अशा माणसाला पुढच्या दहा दिवसांत उघडीप पडण्याची शक्यता चाळीस टक्के आहे असं सांगितलं, तर बियाण्याची पिशवी फोडायची की थांबायचं हे तो नुसत्या ‘पाऊस पडणार’पेक्षा जास्त चांगलं ठरवेल. इशाऱ्यांचंही तसंच. मुंबईत लाल इशारा येतो, शाळांना सुट्टी मिळते, दुपारी ऊन पडतं आणि पालक वैतागतात. वाया गेलेला शाळेचा एक दिवस हे खरं नुकसान आहे. पण २६ जुलैच्या रात्री किती मुलं शाळेत आणि बसमध्ये अडकून पडली होती, ते नुकसान त्याच्याशेजारी ठेवून पाहायला हवं. दोन नुकसानांत एवढी तफावत असताना काही इशारे फुकट जाणं हीच शहाणी व्यवस्था असते.

लोकांनी समजून घ्यावं एवढं म्हणून मात्र भागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर अंदाज मिळू लागले आहेत. पण ज्या गणितातून ते येतात त्यातली एकेक चौकट तेव्हा बारा किलोमीटरची होती, आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट प्रणालीत ती सहा किलोमीटरची झाली. शेजारशेजारच्या दोन गावांत फरक दाखवणारा आकडा त्या बारकाईचा नसतो, हे पडद्यावर लिहिलेलं असायला हवं. अंदाज शेतकऱ्याच्या भाषेत उलगडून सांगण्यासाठी देशातल्या १९९ जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांतून जी जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली होती, ती २०२४ मध्ये बंद करण्यात आली. स्थानिक माणूस समजावून सांगायला होता तोच काढून घेतला आणि मग गैरसमजाबद्दल लोकांना दोष दिला, हे न्याय्य नाही. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, म्हणजे पडताळ्यासाठी लागणारी आकडेवारी राज्यात जमा होते आहे. तेव्हा मागणी साधी आहे. हंगाम संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, हवामान खात्यानं प्रत्येक जिल्ह्याचा ताळेबंद मराठीत छापावा : कोणत्या दिवशी काय सांगितलं होतं, किती शक्यता दिली होती, किती पाऊस पडला. वर्तमानपत्रांनी एप्रिलमधल्या अंदाजाला दिली तेवढीच जागा त्या ताळेबंदाला द्यावी. आणि तोवर वाचकांनी एवढं करावं : पुढच्या एप्रिलमध्ये बातमी आली की मथळ्यातल्या टक्क्यावर न थांबता शक्यतेचा आकडा कुठे दिला आहे ते शोधावं, आणि दिला नसेल तर संपादकांना पत्र लिहून तो मागावा.