बँडमध्ये गिटार ऐकू येत नाही? ईक्यू पेडल असं निवडा

घरी एकट्याने वाजवताना दमदार वाटणारी इलेक्ट्रिक गिटार बँडमध्ये गेली की ऐकूच येत नाही, असं होतं का? लगेच नवी गिटार घेऊ नका. बेस आणि ड्रम्सच्या गर्दीत तिचा आवाज दबतो. तो वर काढायला इक्वलायझर, म्हणजेच ईक्यू पेडल कामी येतं.

बॉस जीई-७ मध्ये १०० हर्ट्झ ते ६.४ किलोहर्ट्झचे ७ स्लायडर आहेत. प्रत्येक पट्टा १५ डेसिबलपर्यंत वाढवता किंवा कमी करता येतो. एमएक्सआर एम१०८ मध्ये १० स्लायडर आहेत, अगदी ३१.२५ हर्ट्झपासून. पण गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. त्यामुळे नुसत्या गिटारसाठी ७ स्लायडर सहसा पुरतात.

जोडणीही महत्त्वाची. डिस्टॉर्शनच्या आधी जोडलं, तर डिस्टॉर्शनचा पोत बदलतो. नंतर जोडलं, तर सोलोसाठी आवाज उचलता येतो.

दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा. ८०० हर्ट्झचा स्लायडर थोडा वर, १०० चा थोडा खाली करून पाहा. फरक कानाला पटला, तरच खरेदी करा!