‘जड स्टेअरिंग’ व स्कॅनरवरील आकडे

विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ ची. तेथील वर्गात ‘टॉर्क’ म्हटले जाते त्यास मराठीत ‘पीळ’ हा सुटसुटीत शब्द आहे. गॅरेजात येणारा चालक मात्र या दोहोंपैकी कोणताच शब्द वापरीत नाही. तो एवढेच सांगतो, ‘स्टेअरिंग जड झाले आहे.’

‘जड’ हा शब्द हाताला जाणवलेला परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. या शब्दावरच विसंबून कित्येकदा संपूर्ण स्टेअरिंग कॉलम बदलला जातो. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि जडपणा कायम राहतो.

विजेवर चालणारे पॉवर स्टेअरिंग १९८८ मध्ये सुझुकीच्या ‘सर्वो’ या छोट्या मोटारीत आले. त्यात चालकाने दिलेला पीळ सेन्सर मोजतो. नियंत्रक गाडीचा वेग विचारात घेऊन मोटरला विद्युत्प्रवाह पुरवितो. स्कॅनरवर हे आकडे एकत्र दिसतात व एकत्र वाचले तरच अर्थ देतात.

गाडी उभी ठेवून चाक फिरविले असता पीळ वाढतो. त्याबरोबर प्रवाहही वाढावयास हवा. प्रवाह वाढत नसेल, तर प्रथम व्होल्टेज पाहावे. इंजिन चालू असता ते साधारणतः १३.५ ते १४.५ असते, ते फार उतरले, तर नियंत्रक स्वतःच मदत आखडती घेतो. वेगाचा संकेत चुकीचा असला किंवा मोटर तापली असली, तरीही तसेच घडते. मागितलेला प्रवाह व प्रत्यक्ष प्रवाह यांत अंतर पडल्यास दोष वायरिंगमध्ये वा मोटरमध्ये शोधावा. उलट प्रवाह भरपूर असूनही चाक जडच असेल, तर टायरमधील हवा व सांधे तपासावेत. तेथे विजेचा दोष बहुधा नसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंजिनाचे कोड प्रदूषणविषयक नियमांमुळे बव्हंशी एकसारखे झाले. स्टेअरिंगचे तसे झालेले नाहीत. स्वस्त कोडवाचक ‘दोष नाही’ असे दाखवितो, तेव्हा त्याने बहुधा स्टेअरिंगच्या नियंत्रकास प्रश्नच विचारलेला नसतो. न विचारलेल्या प्रश्नावरील मौन म्हणजे नकार नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको.

चाकावरून हात काढल्यावर पिळाचा आकडा शून्याजवळ यावयास हवा. तो येत नसल्यास सेन्सरचा शून्यबिंदू पुन्हा ठरवावा लागतो, आणि त्या वेळी चाकास हात लावू नये. लावल्यास तो दाबच ‘शून्य’ म्हणून नोंदला जातो व गाडी रस्त्यावर एका बाजूस ओढू लागते.