हिवाळ्यातली धुरी : चव घ्यावी, पण जपून

थंडीचे दिवस आले की उघड्यावरच्या चुलीची आठवण होते. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास मुले-लेकी घरी येतात, माणसे वाढतात, आणि मग मागील दारी विटा मांडून निखाऱ्यांवर मांस भाजण्याचा बेत ठरतो. शहरांतून याला 'बार्बेक्यू' म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांतल्या ताइनो लोकांचा. लाकडे रचून केलेला माच, असा त्याचा मूळ अर्थ असून स्पॅनिश लोकांकडून तो जगभर गेला. आपल्याकडे नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. गोव्यातील चोरिस चुलीवर टांगून धुरवण्याची रीत घरोघरी माहीत आहे.

बेत आनंदाचा आहे. परंतु या आनंदात तीन-चार धोके लपलेले असतात. ते नीट समजून घेतले तर टाळणे अवघड नाही.

थंडीवर भरवसा ठेवू नये

युरोपातील शेतकरी डुक्कर कापीत ते ऐन हिवाळ्यात. तेथे त्या दिवसांत दिवसाही पारा शून्याच्या आसपास राहतो. मिठात घातलेले मांस आठवडेच्या आठवडे तळघरात राहिले तरी बिघडत नाही. आपल्या हिवाळ्याचे तसे नाही. ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सात अंशांवर उतरतो, पण दुपारी तो वीसच्या वर जातो. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असूनही तेथली दुपार उबदारच असते. गोव्यात तर रात्रीचा पाराही वीसच्या आसपास असतो.

मांसातील जंतू ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात झपाट्याने वाढतात. म्हणून 'गारठा आहे, राहील रात्रभर अंगणात' असे म्हणू नये. मीठ-मसाला लावलेले मांस फ्रीजमध्येच मुरवावे. कच्चे असो वा शिजवलेले, ते दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

मीठ, शिरका आणि धूर

मीठ मांसातील पाणी ओढून घेते आणि जंतूंना वाढू देत नाही. शिरक्याचा आंबटपणाही तेच काम करतो. पोर्तुगीजांनी आणलेल्या शिरका-लसणाच्या रीतीतूनच गोव्याचे विंदालू झाले. चोरिसातही मीठ, मिरची, लसूण आणि माडीचा शिरका असतो. ती कोरड्या दिवसांत करून उन्हात वाळवतात, धुरवतात आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. तिचा टिकाऊपणा एकट्या धुराचा नसून मीठ, आंबटपणा आणि वाळवण या सर्वांचा मिळून आहे.

नुसता धूर मांसाच्या वरच्या थरावरच काम करतो. तीस अंशांखालचा थंड धूर मांस शिजवीत नाही, केवळ वास आणि रंग देतो. आतला भाग कच्चाच राहतो. हवाबंद, ओलसर आणि आंबटपणा नसलेल्या मांसात 'बोट्युलिझम' या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज, त्यावरूनच हे नाव पडले. १८९५ साली बेल्जियममधील एका गावी खारवलेले हॅम खाऊन ही बाधा झाली होती. पुढे १८९७ साली व्हॅन एर्मेंगेम यांनी तिच्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले.

कारखान्यात यावर उपाय म्हणून नायट्राइट वापरतात, पण ते काटेकोर मोजून. प्रमाण चुकले तर तेच विष ठरते. तेव्हा घरी अंदाजाने सोरा घालण्याच्या फंदात कोणी पडू नये. घरगुती धुरीसाठी सोपा नियम असा : गरम धुरात मांस पुरते शिजवावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

चूल कशी मांडावी

थंडीत वारा हाच मोठा शत्रू. तो निखाऱ्यांची उष्णता पळवतो आणि कोळसाही लवकर जाळून टाकतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूला विटांचा आडोसा करावा, पण डोक्यावर आकाश मोकळे असावे. ताडपत्रीचा तंबू करून आत चूल पेटवू नये.

कोळशावर राखेचा करडा थर आल्यावरच मांस ठेवावे. निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवून वर झाकण घालावे. झाकण वारंवार उघडू नये, प्रत्येक वेळी साठलेली आच निघून जाते. किलोभराचा तुकडा मंद आचेवर शिजायला दोन-तीन तास सहज लागतात. वारा असल्यास अधिक वेळ धरून चालावे.

धुरासाठी आंबा, पेरू किंवा फणसाचे वाळलेले लाकूड आणि नारळाच्या करवंट्या चांगल्या. रंग दिलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिक यांचा धूर विषारी असतो. काजूच्या टरफलातील तेल कातडीला व डोळ्यांना झोंबते, तेव्हा तीही या चुलीत घालू नयेत. मांस ओवण्यासाठी कण्हेरीची काडी तोडू नये, कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत.

आतून शिजले की नाही?

थंडीत मांस बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. रंगावरून अंदाज बांधू नये, कारण धुरामुळे शिजलेले मांसही गुलाबी दिसू शकते. मांसात खुपसण्याचा थर्मामीटर मिळाल्यास अवश्य घ्यावा. अखंड तुकड्याच्या गाभ्यात ६३ अंश यावेत आणि नंतर तीन मिनिटे तो तसाच राहू द्यावा. खिम्यासाठी ७१ आणि कोंबडीसाठी ७४ अंश हवेत.

डुकराच्या मांसाबाबत विशेष काळजी घ्यावी. त्यात कधी कधी तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे दाणे दिसतात. ते पट्टकृमीचे कोश होत. असे मांस मुळीच घेऊ नये. थोडेसे मीठ आणि धुरी यांनी हे कोश खात्रीने मरत नाहीत, नीट शिजवल्याने मरतात. अर्धकच्चे मांस खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो आणि त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ही अंडी घाणेरड्या हातांतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून कोणाच्याही पोटात गेली, तर कोश मेंदूत जाऊन फेफरे येऊ शकते. मांस न खाणाऱ्यासही हा रोग होतो तो असा.

यावरून डुकरे पाळणाऱ्यांनी काय समजावे? गोव्यात पूर्वी घरामागच्या शौचालयातच डुकरे पोसली जात. या रोगाचे चक्र तेथेच फिरत राही. डुक्कर मोकाट सोडू नये, गोठ्यात बांधावे, स्वच्छ खाद्य घालावे आणि घरातील प्रत्येकाने संडास वापरावा. चक्र तुटते ते येथे. उरलेले कच्चे मांसही डुकरांना घालू नये. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग २०२० साली आपल्या देशात ईशान्येकडे आला. माणसास तो होत नाही, परंतु असल्या खाद्यातून तो कळपात शिरतो आणि कळप संपवतो.

किती खावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेले आणि धुरवलेले मांस कर्करोगकारक म्हणून नोंदले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असे तिने म्हटले आहे. येथे 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. सणावाराला खाण्यास हरकत नाही, पण ते नित्याचे करू नये. चरबी निखाऱ्यात ठिबकली की अपायकारक धूर होतो, म्हणून खाली थाळी ठेवावी आणि करपलेला भाग कापून टाकावा. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेल्या मांसापासून दूरच राहावे.

शेगडी घरात नको

सर्वांत मोठा धोका जेवण आटोपल्यावर असतो. रात्र गार असते, निखारे अजून लाल असतात, आणि कोणीतरी ती शेगडी उबेसाठी खोलीत आणून दार लावून घेते. उत्तर भारतात अशा रीतीने झोपेतच माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. 'धूर नाही म्हणजे भीती नाही' हा समज प्राणघातक आहे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. राखेखाली विझल्यासारखे दिसणारे निखारेही कित्येक तास हा वायू सोडीत राहतात.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, तर तो योगायोग समजू नये. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, त्याच वेळी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, आणि बरे वाटले तरी इस्पितळात न्यावे. तेथे प्राणवायू देतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा लिंबू-सरबत घालू नये.

म्हणून पाहुणे उठण्यापूर्वीच घरातील एका जबाबदार माणसावर हे काम सोपवावे : निखाऱ्यांवर थोडे थोडे पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून ते पुरते विझवणे. शेगडी रात्रभर अंगणातच राहू द्यावी. उबेसाठी आणखी एक गोधडी पुरते.