मुठेला नमस्कार

आषाढातली सकाळ. खडकवासला धरणातून रात्रीच मुठेत पाणी सोडलंय आणि भिडे पूल बुडाल्याची बातमी दूधवाल्याच्या आधी पुण्याच्या शनिवार पेठेत पोचली आहे. वर्तक बागेत फिरायला येणारी मंडळी आज फेऱ्या सोडून ओंकारेश्वराजवळच्या पुलाच्या कठड्याला टेकली आहेत. पाणी उकळलेल्या चहासारखं, जलपर्णी आणि थर्माकोल घेऊन धावतंय. पलीकडच्या काठाने मेट्रो जाते. तिच्याकडे कुणी मान वळवत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी येतात. चपला काढतात, कठड्यावर पदर सावरून हात जोडतात. ओठ हलतायत, स्तोत्र असेल, नुसत्या गप्पाही असतील. ओंजळीतली तगरीची फुलं मात्र पाण्यात सोडत नाहीत. चार पावलं चालून ती निर्माल्य कलशात टाकतात.

"नदीला नाही वाहिली?" मी विचारतो.

"तिच्या अंगावर काय कमी घातलंय आपण?"

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या शाळकरी होत्या. वाड्याचा खालचा मजला गेला. ज्या भिंती उभ्या राहिल्या त्यांतून कितीतरी दिवस चिखल उपसला. त्या हे सांगतात ते नुसतं घडलं म्हणून. आवाजात तक्रार नाही.

"नदीचा काय दोष? धरण माणसांनी बांधलं होतं," शेजारचे काका मध्येच.

"दोष म्हणतंय कोण? घर नेलं हिनं, खरंय. पण जन्मभर पाणी हिचंच प्यायले ना मी? त्याचा नमस्कार."

स्वच्छ, शांत नदीपुढे कुणीही भाविक होतो. ज्या पाण्याचा वास येतो, ज्याने घर नेलं, त्यापुढे हिशेब पुरा मांडून हात जोडायला वयच लागत असावं. १७३८ च्या सुमारास शिवरामभट चित्रावांनी हे ओंकारेश्वराचं देऊळ नदीला इतकं खेटून उभारलं. पूर काय असतो हे त्यांना ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

एव्हाना किती क्युसेक सोडलंय यावर काकांचं आणि टोपीवाल्या आजोबांचं जुंपलंय. दोघांच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळे आकडे आहेत. आजी चपला घालून फोन लावतात.

"अगं, आज गुरुवार. नळाला पाणी नाही. पिंप भरलंय ना, ते बेतानं वापर. मी येतेच."