बायपासनंतरची पोटदुखी म्हणजे नुसतं पित्त नव्हे

वजन कमी करण्याचं ऑपरेशन पुण्या-मुंबईत होतं. पोट दुखायला लागतं ते मात्र घरी, नगरच्या केडगावात, वर्ष-दोन वर्षांनी. जेवणानंतर डाव्या बरगडीखाली कळ येते, कधी पाठीत जाते. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. गोळी घेतली की बरं वाटतं, आणि तिथेच गाफीलपणा होतो.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून तिला लहान आतडं वर ओढून जोडतात. त्यामुळे आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या आसपास फटी राहतात. त्यातल्या एकीला पीटरसन या जर्मन सर्जनचं नाव आहे. वजन उतरतं तशी पडद्यातली चरबीही झडते आणि फट रुंदावते. आतडं तिच्यात शिरून पिळलं, तर काही तासांत त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून वजन झपाट्याने उतरलेल्यांनी जास्त जपायला हवं.

हर्निया म्हटलं की लोक बेंबीपाशी, जांघेत फुगवटा शोधतात. आतडं असं फटीत शिरणं हाही हर्नियाच, पण आतला; तो बाहेरून दिसत नाही आणि पोटाच्या पट्ट्याने टळत नाही.

फटी शिवल्या की धोका संपला, असंही नाही. स्वीडनमधल्या 12 केंद्रांतल्या सुमारे 2,500 रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आतडं अडकल्यामुळे तीन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण फटी न शिवलेल्यांत 10.2 टक्के होतं, शिवलेल्यांत 5.5. म्हणजे जवळपास निम्मं झालं, शून्य नाही. शिवल्यामुळे आतड्याची जोडणी मुरडण्याचा त्रास सुरुवातीच्या महिनाभरात थोडा वाढला, हेही त्यात दिसलं. तरीही माझ्या मते फटी शिवून घ्याव्यात. ऑपरेशनआधी सर्जनना सरळ विचारा: सगळ्या फटी बंद करणार का, आणि न विरघळणाऱ्या टाक्यांनी का?

वजन कमी करण्याच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे स्लीव्हमध्ये, आतड्याची जोडणीच बदलत नाही, त्यामुळे त्यात या फटी तयार होत नाहीत. आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं झालं, हे म्हणूनच माहीत हवं.

उलटी नाही, सीटी स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही, हा समज तर फारच महागात पडतो. आतडं शिरतं आणि आपोआप मागेही सरकतं. अशा वेळी स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुर्बिणीतून आत पाहावं लागतं. गरोदरपणात गर्भाशय आतड्यांना वर ढकलतं, तेव्हा बायपास झालेल्या बाईच्या पोटदुखीकडे आणखी लवकर लक्ष द्यावं.

कळ थांबत नसेल तर सकाळची वाट पाहू नका आणि तडक पुण्याची गाडीही धरू नका. आधी नगरमध्ये सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात सर्जनना दाखवा. तोवर काही खाऊ-पिऊ नका. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी तिथल्या डॉक्टरांचं थेट बोलणं करून द्या.